पहिल्या सत्रापूर्वीचे महिने

बारावीची परीक्षा आटोपून सामाईक प्रवेश परीक्षेचा निकाल हाती आला, म्हणजे महाराष्ट्रातील असंख्य घरांत एका विलक्षण अस्वस्थ कालखंडास आरंभ होतो. प्रवेशफेऱ्यांच्या याद्या एकामागून एक लागत असतात, महाविद्यालयांचे पसंतीक्रम रात्री जागून लावले आणि पुन्हा मोडले जातात, उत्पन्नाच्या नि जातीच्या दाखल्यांसाठी तहसील कचेरीत खेटे घातले जातात. आणि ह्या धामधुमीच्या अखेरीस ज्याच्या वा जिच्या पदरात संगणक अभियांत्रिकीची अथवा संगणकशास्त्राची जागा पडते, त्या विद्यार्थ्याच्या ध्यानीही येत नाही, की परीक्षा संपल्यापासून वर्ग भरेपर्यंतचे दोन-तीन महिने त्याच्या हातून निसटत चालले आहेत. ह्या अवधीचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न पालक प्रायः तीन रूपांत विचारतात: लॅपटॉप कोणता घ्यावा, भाषा कोणती आधी शिकावी आणि क्लास कोणता लावावा. हे प्रश्न कळकळीने विचारलेले असतात, त्यांच्यामागे पोटाला चिमटा घेऊन साठविलेला पैसा असतो, म्हणून त्यांची हेटाळणी करणे मला मान्य नाही. तथापि माझे स्पष्ट मत असे आहे, की हे तिन्ही प्रश्न दुय्यम असून पहिल्या सत्राची खरी पूर्वतयारी वेगळीच आहे: एखादी कृती, ऐकणाऱ्याच्या समजुतीवर काहीही न सोडता, पायरीपायरीने आणि निःसंदिग्ध शब्दांत लिहिता येणे, आणि लिहिलेली कृती यंत्राला हात लावण्यापूर्वी कागदावर चालवून तिचा ताळा पाहता येणे. ज्याला हे साधले त्याला कोणतीही भाषा थोड्या दिवसांत वश होते. ज्याला साधले नाही त्याच्या पाठीशी चार भाषांची प्रमाणपत्रे असली, तरी पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्याची गाडी अडते.

भाषेच्या प्रश्नाला आपल्याकडे अवास्तव महत्त्व का प्राप्त झाले, हे समजण्यासारखे आहे. कित्येक वर्षे आपल्या महाविद्यालयांत प्रोग्रामिंगचा विषय सी भाषेच्या आधारे शिकविला गेला. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ह्यांनी १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घडविलेली ही भाषा ब्रायन कर्निगन आणि रिची ह्यांच्या १९७८ सालच्या छोटेखानी ग्रंथामुळे जगभर गेली, आणि नागपूरच्या यशवंत कानेटकर ह्यांच्या ‘लेट अस सी’ ह्या पुस्तकाने ती आपल्या वसतिगृहांच्या खोल्याखोल्यांत पोचविली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षासाठी पायथनचा अंगीकार केला. ही भाषा ग्विडो व्हान रॉसम ह्यांनी १९९१ साली प्रथम प्रसृत केली होती. भाषा बदलली, परंतु पहिल्या सत्रात शिकावयाच्या बाबी बदलल्या नाहीत. किंमत साठविणारे व्हेरिएबल, अट तपासून वाट निवडणे, लूपमधून तीच कृती पुनःपुन्हा करणे, कामाचा एक तुकडा फंक्शनच्या रूपाने वेगळा काढणे आणि एकजातीय वस्तूंची रांग ॲरेत किंवा लिस्टमध्ये मांडणे, एवढाच त्या विषयाचा गाभा आहे, आणि तो सीमध्ये शिकला काय, पायथनमध्ये शिकला काय, विचाराची मेहनत तेवढीच पडते.

सुट्टीतील क्लास मात्र भाषा विकतात. विचार विकता येत नाही. महिनाभराच्या मुदतीत काही ठरावीक प्रोग्राम वहीत उतरवून घेतले जातात: मूळ संख्या ओळखणे, उलटसुलट सारखी वाचली जाणारी संख्या शोधणे, फॅक्टोरियल काढणे, पडद्यावर ताऱ्यांचे त्रिकोण छापणे. मुले ते पाठ करतात, अक्षरशः अर्धविरामासकट पाठ करतात, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने त्रिकोण उलटा करावयास सांगितला की स्तब्ध होतात. हा दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हे. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल समोर ठेवून ह्या वर्षीचे जर्नल उतरवून काढणे आणि सबमिशनच्या दिवशी त्यावर सही मिळविणे, हा जो शिरस्ता पुष्कळ ठिकाणी रूढ झाला आहे, त्याची पहिली दीक्षाच ह्या क्लासांतून मिळते. ज्या विषयात दुसऱ्याचे लिहिलेले उतरविण्याने काडीमात्र लाभ होत नाही, असा शैक्षणिक जीवनातील पहिला विषय विद्यार्थ्याच्या वाट्याला येत असताना आपण त्याला नेमकी उतरविण्याचीच सवय लावून पाठवितो, ह्याचे मला अतोनात दुःख होते.

मग ह्या महिन्यांत करावे काय? मी एक उदाहरण घेतो, आणि ते मुद्दाम सहावी-सातवीच्या गणितातून घेतो. दोन संख्यांचा मसावि भागाकाराच्या रीतीने काढणे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. रीत प्राचीन आहे, ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या खंडात ती आढळते. १०७१ आणि ४६२ ह्या संख्या घ्या. १०७१ ला ४६२ ने भागले असता बाकी १४७ उरते. ४६२ ला १४७ ने भागले असता बाकी २१ उरते. १४७ ला २१ ने भागले असता बाकी शून्य. म्हणून मसावि २१. आता ही रीत धाकट्या बहिणीस पत्राने कळवावयाची आहे असे समजून, स्वच्छ मराठीत, कागदावर लिहावी. भाज्याला भाजकाने भागावे. बाकी शून्य आली तर भाजक हेच उत्तर. न आल्यास जुना भाजक हा नवा भाज्य आणि बाकी हा नवा भाजक मानून पुन्हा भागावे. चार ओळींत काम झाले असे वाटते, परंतु खरे शिक्षण येथून पुढे आहे. बहिणीने चुकून लहान संख्येला भाज्य मानले तर काय होईल? ४६२ ला १०७१ ने भागले की भागाकार शून्य आणि बाकी ४६२. म्हणजे पुढच्या पायरीस संख्यांची अदलाबदल आपोआप होते, आणि ‘मोठ्या संख्येला लहानाने भागावे’ अशी वेगळी सूचना लिहिण्याची आवश्यकताच नव्हती. भाजक शून्य दिला तर? तेथे रीत पहिल्याच पायरीला कोसळते, आणि त्याची तजवीज लिहिणाऱ्याने आधीच करावयास हवी. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ही कृती कधीतरी थांबेल, ह्याची हमी कोण देतो? बाकी भाजकाहून नेहमी लहान असते, प्रत्येक पायरीला ती घटते आणि शून्याखाली जाऊ शकत नाही. म्हणून ती कितीही मोठ्या संख्यांपासून निघाली तरी अखेर शून्यास पोचलीच पाहिजे. एवढा विचार ज्या मुलाने स्वतः, घाईगर्दी न करता, एका दुपारी केला, त्याने संगणकशास्त्राच्या गाभ्याला हात घातला असे मी मानतो, मग त्याच्या घरी संगणक असो वा नसो.

अशी उदाहरणे आपल्याभोवती विपुल आहेत. अकारविल्हे लावलेल्या दहा लाख नावांच्या यादीत एक नाव शोधावयाचे असेल, तर दर वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी बाद करीत गेल्यास जास्तीत जास्त वीस वेळा पाहून काम होते. यादी अकारविल्हे नसेल तर मात्र दहा लाख नावे वाचावी लागण्याची पाळी येऊ शकते. हे विधान कोणावर विश्वास ठेवून मानू नये. शब्दकोश उघडावा, एखादा शब्द ह्या रीतीने शोधावा आणि पाने किती वेळा उघडली ते मोजावे.

कागदावर आधी विचार करण्याची ही पद्धत आपल्या देशातील संगणनाला परकी नाही, किंबहुना त्याच्या आरंभी तीच एक पद्धत होती. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगास्वामी नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला आणि १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा भारतात रचलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक. त्याची स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने दहा किलोबाइटांची. निर्वात नळ्यांच्या त्या एकाच यंत्रावर अनेकांची गणिते रांगेत असत. तेव्हा आपली पाळी येण्यापूर्वी कृतीचा तपशील कागदावर तपासून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज यंत्रे सुलभ झाली ही परम भाग्याची गोष्ट आहे, परंतु त्या सुलभतेमुळे ‘चालवून तर पाहू’ ही वृत्ती बळावली, आणि प्रोग्राम चुकला की कोठेतरी एक चिन्ह बदलून पुन्हा चालवावयाचा, पुन्हा चुकला की दुसरे चिन्ह बदलावयाचे, असा अंधारातील चाचपडण्याचा प्रकार प्रयोगशाळांतून सर्रास दृष्टीस पडू लागला.

पूर्वतयारीचे एक साधन विद्यार्थ्यांच्या घरीच असते, आणि परीक्षा संपताच ते रद्दीत जाते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या पहिल्या भागातील पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे आहे. विधाने, त्यांची सत्यता कोष्टके, ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’, त्यांचे निषेध आणि शेवटी स्विचांची मंडले, हा सारा भाग गुण मिळवून देणारा सोपा भाग म्हणून आठवडाभरात उरकला जातो. वस्तुतः संगणकशास्त्राच्या दृष्टीने दोन वर्षांच्या गणितातील हे सर्वांत मोलाचे प्रकरण होय. जॉर्ज बूल ह्यांनी १८५४ मध्ये ज्या बीजगणिताची मांडणी केली, त्याच्याच आधारे क्लॉड शॅनन ह्यांनी १९३७ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधात विद्युत्-मंडलांचे विवेचन केले, आणि आजच्या प्रत्येक यंत्राच्या पोटात तेच तर्कशास्त्र नांदत आहे. ज्या ऑगस्टस डी मॉर्गन ह्यांचे नियम विद्यार्थी पाठ करतात, त्यांचा जन्म १८०६ साली आपल्याच देशात, मदुराईस झाला होता. त्यांच्या नियमाचा व्यवहारातील उपयोग पाहा. ज्याचे गुण पुरेसे आहेत आणि ज्याने दाखला जोडला आहे त्याचा अर्ज मंजूर करावा, असा नियम असेल, तर अर्ज नामंजूर केव्हा करावा? नवखा विद्यार्थी लिहितो: गुण अपुरे असतील आणि दाखला नसेल तेव्हा. परिणामी गुण उत्तम परंतु दाखला गहाळ, असा अर्ज ना मंजूर होतो ना नामंजूर. तो दप्तरात तसाच पडून राहतो. योग्य उत्तर ‘गुण अपुरे किंवा दाखला नाही’ हे आहे. पहिल्या सत्रातील अटींच्या चुका ह्याच जातीच्या असतात, आणि त्या नव्या भाषेच्या अज्ञानातून उद्भवत नाहीत. त्या प्रकरणाबरोबरच अकरावीतील संच, फलन, क्रमपरिवर्तन आणि गणिती विगमन ही प्रकरणेही पुन्हा एकदा, परीक्षेचे ओझे उतरलेल्या मनाने, वाचावीत. प्रवेश परीक्षेच्या बहुपर्यायी घाईत विगमनाची जी सिद्धता नुसती ओळखली जाते, ती स्वतः पूर्ण लिहून काढण्यास आता सवड आहे.

येथे मातृभाषेचा मुद्दा उपस्थित होतो, आणि तो मला अत्यंत जिव्हाळ्याचा आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेला, तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईस आलेला विद्यार्थी पहिल्या वर्गात मागच्या बाकावर बसतो तो इंग्रजीच्या धास्तीने, आणि हळूहळू त्याची अशी समजूत होते की विषयच आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. नेदरलँड्सचे विख्यात संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा ह्यांनी १९७५ मधील एका टिपणात असे मत नोंदविले आहे, की गणिताची ओढ सोडली तर मातृभाषेवरील असामान्य प्रभुत्व हीच कुशल प्रोग्रामरची सर्वांत मोलाची शिदोरी होय. ह्या मताशी मी सर्वस्वी सहमत आहे. ज्याला मराठीत नेमके वाक्य लिहिता येते, ज्याला ‘पर्यंत’ म्हणताना शेवटची संख्या धरली की सोडली हे स्वतःला विचारण्याची सवय आहे, त्याच्याजवळ ती शिदोरी आहेच. इंग्रजी शिकावे लागेल, त्यातून सुटका नाही. चूक झाली असता यंत्र दाखविते ते संदेश आणि भाषांची माहितीपत्रके इंग्रजीतच असतात, म्हणून ते संदेश शांतपणे, शब्दन् शब्द वाचण्याचा सराव सुट्टीतच सुरू करावा. परंतु विचार मराठीत करण्यात कमीपणा काहीच नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध केले आहेत. त्याच संस्थेतील अभिराम रानडे ह्यांचे सी प्लस प्लसवरील पुस्तक पडद्यावर कासव चालवून रेषा काढावयास लावते आणि त्या निमित्ताने लूप नि फंक्शन शिकविते. ज्यांना इंग्रजी व्याख्याने झेपतात त्यांच्यासाठी एनपीटीईएलवर चेन्नई गणितीय संस्थेचे माधवन मुकुंद ह्यांचा पायथनमधील अभ्यासक्रम आहे, आणि हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा अभ्यासक्रमही कोणालाही विनामूल्य पाहता येतो. ह्यांपैकी एकच निवडावा आणि तो सावकाश, प्रत्येक स्वाध्याय स्वतः सोडवीत, जेथवर होईल तेथवर न्यावा. चारही उघडून ठेवणे म्हणजे एकही न शिकणे होय.

यंत्राविषयी थोडक्यात लिहितो. पहिल्या वर्षाला महागडा लॅपटॉप लागत नाही. ८ जीबी रॅम असलेला साधा, प्रसंगी वापरलेलाही, पुरतो, आणि घरात पडलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स चढवून त्यावर शिकणे हे तर स्वयमेव एक उत्तम शिक्षण आहे. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या पालकांनी निदान पहिले सत्र थांबावे. मुलांची खरी अडचण निराळी आहे. मोबाईलवर वाढलेल्या पिढीला फाइल कोठे ठेवली, फोल्डरात फोल्डर म्हणजे काय, फाइलचा संपूर्ण पत्ता कसा लिहितात, ह्या गोष्टींशी कधी कामच पडलेले नसते. मग प्रात्यक्षिकाचा पहिला तास ‘सर, माझा प्रोग्राम सापडत नाही’ ह्यातच खर्ची पडतो. एमएस-सीआयटी केलेल्या मुलांना ही अडचण कमी जाणवते, परंतु ते प्रमाणपत्र म्हणजे संगणकशास्त्राची तयारी असा पालकांचा समज असेल तर तो दूर झाला पाहिजे. यंत्र वापरणे आणि यंत्राला कृती सांगणे ह्या भिन्न विद्या आहेत. गावातील टंकलेखनाच्या क्लासला महिनाभर जाऊन दहा बोटांनी टंकन शिकणे हे मात्र मी निःसंकोच सुचवितो, कारण किल्ल्या शोधण्यात गुंतलेल्या नजरेला विचाराचा धागा सांभाळता येत नाही.

साधनांच्या बाबतीत महाविद्यालयांकडेही एक गाऱ्हाणे मांडणे प्राप्त आहे. बोरलँड कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेल्या टर्बो सी ह्या निळ्या पडद्याच्या साधनाचा अंमल आपल्या प्रयोगशाळांवर अनेक दशके टिकला. त्यात पूर्णांक १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ पर्यंतच. परिणामी आठचे फॅक्टोरियल ४०३२० यावयाचे ते −२५२१६ असे छापले जाई, आणि जर्नलात सातपर्यंतचीच उदाहरणे लिहावीत असा तोडगा मुले काढीत. हा प्रसंग खरे तर शिकविण्याची सुवर्णसंधी होता. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण-यान उड्डाणानंतर मिनिटाच्या आतच नष्ट झाले, तेही ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही म्हणून. उणे चिन्ह पाहून ज्या विद्यार्थ्याला प्रश्न पडला आणि ज्याने उत्तर हुडकले, तो पुढे आयुष्यभर संख्येच्या मापाविषयी सावध राहील. आज बत्तीस बिटांच्या पूर्णांकात न मावण्याची हीच गोष्ट तेराच्या फॅक्टोरियलला घडते. सुट्टीत सी शिकणाऱ्याने ती अवश्य करून पाहावी, आणि मग पायथनमध्ये ती का घडत नाही ह्याचाही शोध घ्यावा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून एक नवा प्रश्न पुढे आला आहे: प्रोग्राम यंत्रच लिहून देत असेल, तर आपण ही मेहनत घ्यावी कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर मी टाळू इच्छित नाही. लिहून मिळालेला प्रोग्राम बरोबर आहे की चूक, ह्याचा निर्णय ज्याला करता येत नाही, त्याने तो वापरणे म्हणजे न वाचता दस्तऐवजावर सही करणे होय. आणि तो निर्णय करण्याची शक्ती स्वतः लिहिल्यावाचून, चुकल्यावाचून, आपली चूक आपणच हुडकल्यावाचून कोणालाही लाभलेली नाही. म्हणून निदान पहिल्या सत्रापुरता असा निर्बंध विद्यार्थ्याने स्वतःवर घालावा, की उत्तर मागावयाचे नाही. आपले उत्तर लिहून, कागदावर चालवून, काय छापले जाईल हे आधी लिहून ठेवून, मग यंत्रावर पडताळावयाचे, आणि त्यानंतरही उलगडा झाला नाही तरच कोणाला विचारावयाचे, मग तो कोणी शिक्षक असो वा सॉफ्टवेअर.

शेवटी एक तजवीज सुचवितो, ती प्राचार्यांसाठी आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रथम वर्षाच्या आरंभी तीन आठवड्यांच्या परिचय-कार्यक्रमाची तरतूद केलेली आहे. त्या दिवसांपैकी काही दुपारी संगणक प्रयोगशाळा प्रथम वर्षाच्या मुलांसाठी खुल्या ठेवाव्यात. द्वितीय वर्षाचे काही विद्यार्थी तेथे मदतीस बसवावेत. हजेरी, गुण, जर्नल काहीही नसावे. मुलांनी फोल्डर करावे, फाइल ठेवावी, ती पुन्हा शोधावी, मसाविची रीत आधी कागदावर आणि मग यंत्रावर चालवावी, आणि ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना पहिल्या प्रात्यक्षिकापूर्वी ह्या यंत्रांशी, कोणाच्या देखत न लाजता, ओळख करून घेण्याची मुभा मिळावी. त्याचबरोबर प्रत्येक प्रात्यक्षिकासोबत विद्यार्थ्याने स्वहस्ते आखलेले पडताळ्याचे कोष्टक, म्हणजे प्रत्येक पायरीला प्रत्येक व्हेरिएबलची किंमत काय झाली ह्याचा हिशेब, जर्नलातील उतरविलेल्या पानांऐवजी ग्राह्य धरावा, आणि तोंडी परीक्षेत त्या कोष्टकावरच प्रश्न विचारावेत. ह्यासाठी नवी इमारत, नवे पद किंवा नवा निधी लागत नाही. विभागप्रमुखांच्या नावे एक लेखी आदेश पुरतो, आणि तो यंदाचे प्रवेश पूर्ण होण्यापूर्वी निघावा अशी माझी विनंती आहे.